शिकलेले शहर आणि नवे उद्योग : पिट्सबर्ग या पोलादनगरीचा प्रकरण अभ्यास

ज्या शहरातील लोक अधिक शिकलेले असतात तेथे नवे उद्योग अधिक निघतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते आणि आकडेवारीही या समजाला बऱ्याच अंशी दुजोरा देते. तथापि पदवीधरांचे प्रमाण आणि नव्या कंपन्यांची संख्या शेजारी शेजारी मांडली म्हणजे त्यांच्यातील नाते कळले, असे होत नाही. पदवीधर होते म्हणून उद्योग निघाले, की उद्योग होते म्हणून पदवीधर आले, की या दोहोंमागे तिसरेच काही कारण होते, हे एका वर्षाच्या आकड्यांवरून सांगता येत नाही. त्यासाठी एकच शहर दीर्घकाळ डोळ्यांसमोर ठेवावे लागते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग हे शहर या दृष्टीने फार बोलके आहे, कारण तेथे उच्च शिक्षण आधी आले, त्यातून उद्योजकता पुष्कळ उशिरा आली आणि मधल्या काळात शहराची जवळजवळ राखरांगोळी झाली. हा मधला काळच या अभ्यासाचा खरा विषय आहे.

शहराची घडण

ॲलेगनी आणि मोनोंगहेला या नद्या जेथे एकत्र येऊन ओहायो नदी होते, त्या संगमावर पिट्सबर्ग वसले आहे. भोवतालच्या डोंगरांत उत्तम दगडी कोळसा होता आणि मालवाहतुकीला नद्या होत्या, त्यामुळे लोखंड आणि पोलादाचा धंदा येथे फोफावला. अँड्र्यू कार्नेगी यांचा एडगर थॉमसन कारखाना १८७५ मध्ये शहराजवळच्या ब्रॅडॉक येथे सुरू झाला. १९०१ मध्ये कार्नेगींचा सगळा व्यवसाय यू. एस. स्टील या महाकाय कंपनीत विलीन झाला.

या पहिल्या पिढीतील उद्योजकांच्या शिक्षणाकडे पाहिले तर पदवी आणि उद्योजकता यांचा थेट संबंध दिसत नाही. कार्नेगी १८४८ मध्ये बाराव्या वर्षी स्कॉटलंडहून आले, सूतगिरणीत बॉबिन बदलण्याचे काम करू लागले, पुढे तारखात्यात निरोप पोहोचवणारा मुलगा झाले आणि तेथून रेल्वेत गेले. रेल्वेचे ब्रेक आणि विजेची यंत्रे करणाऱ्या कंपन्या काढणारे जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी महाविद्यालयात नाव घातले, पण अल्पावधीतच ते बाहेर पडले. अपवाद चार्ल्स मार्टिन हॉल यांचा. त्यांनी १८८५ मध्ये पदवी घेतली, पुढच्याच वर्षी विजेच्या साह्याने ॲल्युमिनियम वेगळे करण्याची स्वस्त रीत शोधली आणि १८८८ मध्ये पिट्सबर्गच्या भांडवलदारांबरोबर जी कंपनी काढली तीच पुढे अल्कोआ म्हणून जगभर ओळखली गेली. मात्र हॉल यांचे शिक्षण पिट्सबर्गमध्ये झाले नव्हते. ते या शहरात आले ते भांडवलाच्या शोधात. त्या काळच्या पिट्सबर्गने शिकलेली माणसे घडवली नसली, तरी बाहेरून आलेल्या शिकलेल्या माणसाच्या कल्पनेवर पैसा लावण्याची तयारी तेथे होती. पुढच्या पन्नास वर्षांत ही तयारीच आटली.

कार्नेगी यांनी १९०० मध्ये तांत्रिक शिक्षणाची शाळा स्थापन केली. कामगारांच्या मुलांना कारखान्यांत उपयोगी पडणारे कौशल्य मिळावे हा तिचा मूळ हेतू होता. ती १९१२ मध्ये पदव्या देऊ लागली आणि १९६७ मध्ये मेलन या धनाढ्य बँकर घराण्याने काढलेल्या मेलन संशोधनसंस्थेशी एकत्र येऊन कार्नेगी मेलन विद्यापीठ झाली. शेजारीच त्याहून जुने पिट्सबर्ग विद्यापीठ होते. शिक्षणाच्या सोयींचा विचार केला तर विसाव्या शतकाच्या मध्यावर हे शहर कोणाच्या मागे नव्हते. परंतु या शिक्षणाची दिशा एकच होती. शिकावे आणि मोठ्या कंपनीत नोकरीला लागावे. यू. एस. स्टील, वेस्टिंगहाऊस, अल्कोआ, गल्फ ऑइल यांसारख्या कंपन्यांची मुख्यालये आणि संशोधनशाळा याच परिसरात होत्या, आणि चांगल्या अभियंत्याला त्याहून सुरक्षित ठिकाण दुसरे नव्हते.

दुसऱ्या बाजूला नदीकाठच्या कारखानी वस्त्यांत शिक्षणाची ओढ निराळ्या कारणाने कमी राहिली. शाळा संपवून मुलगा बापाच्या कारखान्यात लागला, तर संघटित कामगाराचे वेतन त्याला लगेच मिळत असे आणि ते अनेक पांढरपेशा नोकऱ्यांच्या तोडीचे होते. चार वर्षे महाविद्यालयात घालवण्यात त्याला काही फायदा दिसत नसे, आणि त्याच्या परिस्थितीत तो हिशेब चुकीचाही नव्हता. अशा रीतीने एकाच शहरात वर अत्युच्च शिक्षण आणि खाली बेताचे शिक्षण असे दोन थर तयार झाले. दोन्ही थर मोठ्या कंपन्यांवर अवलंबून होते आणि स्वतःचा धंदा काढण्याचे कारण दोघांनाही नव्हते.

१९६१ चे निदान

पोलादाचा धंदा जोरात असतानाच एका अर्थशास्त्रज्ञाने या शहराच्या दुखण्यावर बोट ठेवले होते. बेंजामिन चिनिट्झ हे पिट्सबर्गच्या अर्थव्यवस्थेच्या अभ्यासात गुंतलेले होते आणि १९६१ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क आणि पिट्सबर्ग यांची तुलना करणारा एक लहानसा लेख प्रसिद्ध केला. न्यूयॉर्कमध्ये तयार कपड्यांच्या धंद्यासारखे असंख्य लहान व्यवसाय होते, तर पिट्सबर्गमध्ये थोड्या पण अवाढव्य कंपन्या होत्या. चिनिट्झ यांचे म्हणणे असे की हा फरक केवळ आकाराचा नसून त्यातून दोन शहरांचे स्वभाव वेगळे घडतात.

मोठी कंपनी आपल्याला लागणाऱ्या बहुतेक सेवा स्वतःच्याच छपराखाली उभ्या करते. तिचे वकील, तिचे यंत्रदुरुस्तीचे कारागीर, तिची वाहतूक, सगळे आतलेच. त्यामुळे बाहेरच्या नवख्या उद्योजकाला लहान प्रमाणावर या सेवा पुरवणारे कोणी शहरात उरत नाही. बँकांना मोठ्या, जुन्या, खात्रीच्या ग्राहकांची सवय लागते आणि नव्या माणसाच्या प्रस्तावाचा अंदाज घेण्याचे कसबच त्यांच्या अधिकाऱ्यांत उरत नाही. तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लहान व्यापाऱ्याच्या घरात वाढलेले मूल उधारी, माल, नफा, तोटा या गोष्टी जेवताखाता ऐकत मोठे होते, पण मोठ्या कंपनीतील पगारदार अधिकाऱ्याच्या मुलाला, तो कितीही शिकला तरी, या गोष्टींचा स्पर्श होत नाही. ज्या शिक्षणाचा विचार आपण पदव्यांच्या संख्येवरून करतो, त्याच्या जोडीला असे घरात आणि गल्लीत मिळणारे एक शिक्षण असते आणि ते कोणत्याही जनगणनेत मोजले जात नाही, हे चिनिट्झ यांच्या विवेचनातून स्पष्टपणे दिसते.

या निदानाची व्यापक तपासणी पुढे अर्धशतकानंतर झाली. एडवर्ड ग्लेझर, सारी केर आणि विल्यम केर यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, १९०० च्या सुमारास ज्या अमेरिकी शहरांच्या जवळ कोळशाच्या आणि इतर खनिजांच्या खाणी होत्या, त्या शहरांत कंपन्यांचा सरासरी आकार मोठा आणि नवे उद्योग कमी असल्याचे दाखवले, आणि तेही खाणी व पोलादाशी संबंध नसलेल्या व्यवसायांतसुद्धा. जमिनीखालचा कोळसा शंभर वर्षांनंतरच्या उद्योजकतेचे प्रमाण सांगू शकतो, ही गोष्ट शिक्षण वाढवले की उद्योजक आपोआप वाढतील असे म्हणणाऱ्यांनी गंभीरपणे घ्यावी अशी आहे.

प्रयोगशाळेतून शेतघरात

या काळात शहरात ज्ञानाची वाण होती असे कोणी म्हणू शकणार नाही. पिट्सबर्ग विद्यापीठात जोनास साल्क यांनी पोलिओची लस तयार केली आणि १९५५ मध्ये ती परिणामकारक असल्याचे जाहीर झाले. कार्नेगीच्या संस्थेत हर्बर्ट सायमन आणि ॲलन न्यूएल यांनी १९५० च्या दशकातच यंत्राकडून तर्क करवून घेण्याचे प्रयोग केले. १९६५ मध्ये तेथे संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला, तेव्हा जगात असे विभाग बोटांवर मोजण्याइतके होते. त्या विभागाच्या संस्थापकांपैकी ॲलन पर्लिस यांना १९६६ मध्ये संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार पहिल्यांदा मिळाला. न्यूएल आणि सायमन यांना तोच पुरस्कार १९७५ मध्ये आणि सायमन यांना १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. यातून संगणकाच्या कंपन्या मात्र या शहरात उभ्या राहिल्या नाहीत. ज्ञान शोधनिबंधांत, केंद्र सरकारच्या संरक्षण संशोधन निधीत आणि इतरत्र नोकरीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांत वाहून जात होते.

जॉन स्वॉन्सन यांची हकिगत या कोंडीवर आणि तिच्यातून निघालेल्या वाटेवर एकाच वेळी प्रकाश टाकते. स्वॉन्सन वेस्टिंगहाऊसच्या अणुऊर्जाविषयक प्रयोगशाळेत काम करत होते आणि त्यांनी पिट्सबर्ग विद्यापीठातून १९६६ मध्ये उपयोजित यामिकशास्त्रात पीएचडी मिळवली होती. यंत्राच्या भागांवर ताण किती येतो, उष्णतेने ते किती प्रसरण पावतात, याची गणिते त्या वेळी प्रत्येक प्रश्नासाठी नव्याने, बरीचशी हाताने करावी लागत. सर्व प्रकारच्या प्रश्नांना लागू पडेल असा एकच संगणकीय कार्यक्रम लिहावा, ही त्यांची कल्पना कंपनीने उचलून धरली नाही. त्यांनी १९६९ मध्ये नोकरी सोडली आणि १९७० मध्ये शहराबाहेरच्या आपल्या शेतघरात बसून स्वतःची कंपनी सुरू केली. तिचा पहिला ग्राहक कोण, तर वेस्टिंगहाऊस. हीच कंपनी पुढे अन्सिस या नावाने जगभरच्या अभियंत्यांना परिचित झाली. २०२५ मध्ये सिनॉप्सिस या कंपनीने ती सुमारे ३५ अब्ज डॉलरच्या व्यवहारात विकत घेतली.

या हकिगतीत शिक्षणाचा वाटा नेमका कोठे आहे, हे सावकाश पाहायला हवे. पीएचडी नसती तर स्वॉन्सन यांना हा कार्यक्रम लिहिता आला नसता, हे खरे. पण तशी पीएचडी त्यांच्या अनेक सहकाऱ्यांकडेही होती. स्वॉन्सन यांच्याजवळ आणखी दोन गोष्टी होत्या. मोठ्या कंपनीत राहून तिला नेमके काय हवे आहे पण ती स्वतः काय करणार नाही, याचे त्यांना आतून झालेले ज्ञान ही एक, आणि नोकरी सोडण्याचे धाडस ही दुसरी. मोठी कंपनी उद्योजकतेला मारक ठरते हे चिनिट्झ यांचे म्हणणे योग्यच आहे, परंतु तीच कंपनी एखाद्या शिकलेल्या माणसाला असा प्रश्न देते की ज्याचे उत्तर पुढे हजार ग्राहकांना विकता येते, ही बाजू त्यात राहून जाते. जेराल्ड मॅकगिनिस यांचेही असेच झाले. वेस्टिंगहाऊसच्या संशोधनात काम केलेल्या या अभियंत्याने १९७६ मध्ये श्वसनोपचाराची उपकरणे करणारी रेस्पिरॉनिक्स ही कंपनी काढली. पुढे फिलिप्सने ती विकत घेतली. प्रयोगशाळेचा दरवाजा उघडून बाहेर पडणारी अशी माणसे त्या काळात होती, पण विरळा होती.

पडझड

१९७० च्या दशकाच्या अखेरीस पोलादाचा धंदा खचू लागला आणि १९८० च्या दशकात तो कोसळला. परदेशी स्पर्धा, जुनी यंत्रसामग्री, मिनी-मिल नावाचे नवे छोटे पोलाद कारखाने आणि मंदी अशी सगळी कारणे एकत्र आली. १८९२ च्या रक्तरंजित संपामुळे इतिहासात गेलेला होमस्टेडचा कारखाना १९८६ मध्ये बंद झाला. या परिसरातील एक लाखाहून अधिक कारखानी नोकऱ्या काही वर्षांत गेल्या. १९८३ च्या सुरुवातीला महानगर क्षेत्रातील बेकारी १५ टक्क्यांच्याही वर गेली होती. शहराची लोकसंख्या १९५० मध्ये ६,७६,८०६ होती, ती २०२० मध्ये ३,०२,९७१ इतकी उरली. सर्वच घट या एका दशकातली नाही, कारण उपनगरांकडे जाण्याचा ओघ आधीच सुरू झाला होता, पण १९८० च्या दशकात जे गेले ते मुख्यतः तरुण होते. आईवडील मागे राहिले, मुले दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे गेली, आणि पुढची कित्येक वर्षे हा परिसर देशातील सर्वांत वयस्क महानगरांपैकी एक म्हणून ओळखला गेला.

मोठ्या कंपन्याही टिकल्या नाहीत. गल्फ ऑइल १९८० च्या दशकाच्या मध्यात शेव्हरॉनमध्ये विलीन झाली. तिची शहराजवळची संशोधनशाळा पिट्सबर्ग विद्यापीठाकडे आली, आणि एका कंपनीच्या कुंपणाआड असलेली जागा अनेक लहान कंपन्यांना वापरता येऊ लागली. १९९० च्या दशकात वेस्टिंगहाऊसचेही तुकडे झाले. कारखाना हलवता येतो, मुख्यालय हलवता येते. विद्यापीठ मात्र जेथे असते तेथेच राहते. हा फरक साधा असला तरी या प्रकरणात तो निर्णायक ठरला.

पडझडीच्या या वर्षांत विद्यापीठांच्या भोवती नव्या संस्था उभ्या राहिल्या. कार्नेगी मेलनमध्ये वेस्टिंगहाऊसच्या आर्थिक साह्याने १९७९ मध्ये रोबोटिक्स इन्स्टिट्यूट निघाली आणि मूळचे भारतीय असलेले संगणकशास्त्रज्ञ राज रेड्डी तिचे पहिले संचालक झाले. १९८४ मध्ये संरक्षण खात्याच्या निधीतून सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूट आली, १९८६ मध्ये महासंगणक केंद्र आले. सरकारी निधीतून झालेल्या संशोधनाचे पेटंट विद्यापीठांना स्वतःकडे ठेवता यावे, अशी तरतूद १९८० च्या बे-डोल कायद्याने केली होती. राज्य सरकारने बेंजामिन फ्रँकलिन यांच्या नावाने नव्या तंत्रउद्योगांना आरंभीचे भांडवल देणारी योजना आणली. शहर, काउंटी आणि दोन्ही विद्यापीठे यांनी १९८५ मध्ये स्ट्रॅटेजी २१ हा संयुक्त आराखडा राज्यापुढे ठेवला. विद्यापीठाकडे शिक्षणसंस्था म्हणून पाहणारे शहर आता त्याच्याकडे अर्थव्यवस्थेचा आधार म्हणून पाहू लागले होते. अशी दृष्टी बदलायला संकट यावे लागले, ही खेदाची बाब आहे.

बाहेर पडलेली आणि निघून गेलेली माणसे

यानंतर निघालेल्या कंपन्यांकडे पाहिले की शिक्षण आणि उद्योजकता यांच्यातील नात्याचे तपशील दिसू लागतात. कार्नेगी मेलनमधील रेड व्हिटेकर यांच्या चमूने १९७९ च्या थ्री माइल आयलंड अणुभट्टी अपघातानंतरच्या सफाईसाठी यंत्रमानव तयार केले होते. त्या अनुभवातून १९८७ मध्ये रेडझोन रोबोटिक्स ही कंपनी निघाली. १९८६ मध्ये सुनील वाधवानी आणि अशोक त्रिवेदी यांनी मॅस्टेक ही संगणकसेवा कंपनी काढली. वाधवानी आयआयटी मद्रासमधून पदवी घेऊन कार्नेगी मेलनमध्ये शिकायला आले होते. १९९० मध्ये कार्नेगी मेलनच्या चार संशोधकांनी आपल्या नावांच्या आद्याक्षरांवरून फोर सिस्टिम्स ही नेटवर्क उपकरणांची कंपनी स्थापन केली आणि १९९९ मध्ये ती सुमारे ४.५ अब्ज डॉलरला ब्रिटनच्या जीईसी समूहाने घेतली.

दुसरीकडे लायकोसची गोष्ट आहे. मायकल मॉल्डिन यांनी १९९४ मध्ये कार्नेगी मेलनमध्ये हे शोधयंत्र तयार केले. आरंभीच्या वेबवरील ते एक मोठे नाव होते. पण त्यावर उभी राहिलेली कंपनी मॅसॅच्युसेट्समध्ये गेली, कारण भांडवल देणारे आणि अशा कंपन्या चालवण्याचा अनुभव असलेले व्यवस्थापक तिकडे होते. विद्यापीठात शोध लागला, पण तो रुजवायला लागणारी माणसे शहरात नव्हती. चिनिट्झ यांनी तीन दशकांपूर्वी मांडलेला मुद्दा या एका घटनेत जसाच्या तसा दिसतो. १९९४ च्या पिट्सबर्गला शिक्षणाच्या पातळीबद्दल चिंता करण्याचे कारण नव्हते. उणीव होती ती शिक्षणाला पूरक ठरणाऱ्या अनुभवाची.

हा अनुभव हळूहळू साठत गेला. एका कंपनीत दहा वर्षे काढलेला अभियंता दुसरी काढतो, पहिली विकून पैसा मिळालेला संस्थापक तिसऱ्याला सुरुवातीचे भांडवल देतो, आणि नव्या कंपन्यांची कामे केलेला वकील शहरात तयार होतो. विद्यापीठानेही आपली अट सैल केली. आपल्या संशोधनातून कंपनी काढणाऱ्याकडून सुमारे पाच टक्के भाग घ्यायचा आणि त्याला मोकळे करायचे, असे सोपे धोरण कार्नेगी मेलनने स्वीकारले. २००६ मध्ये गुगलने तेथील प्राध्यापक अँड्र्यू मूर यांच्या नेतृत्वाखाली शहरात कार्यालय उघडले. लुईस फॉन आन आणि त्यांचे विद्यार्थी सेवेरिन हॅकर यांनी २०११ मध्ये ॲपवरून भाषा शिकवणारी ड्युओलिंगो ही कंपनी सुरू केली, तेव्हा कॅलिफोर्नियाला जाण्याचा मोह कमी नव्हता, तरी ती पिट्सबर्गमध्येच राहिली आणि २०२१ मध्ये तिचे समभाग बाजारात आले. लायकोस आणि ड्युओलिंगो यांच्यामध्ये सतरा वर्षे आहेत. विद्यापीठ तेच, विभाग तोच. तेवढ्या काळात बदलले ते विद्यापीठाबाहेरचे शहर.

या संस्थापकांच्या यादीत आणखी एक गोष्ट नजरेत भरते. फॉन आन ग्वाटेमालाचे, हॅकर स्वित्झर्लंडचे, वाधवानी भारतातले. शहराची शैक्षणिक पातळी म्हणून जो आकडा आपण वाचतो, त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. शहराने आपल्या मुलांना किती शिकवले ही एक, आणि शिकलेली माणसे बाहेरून किती आली आणि त्यांतली किती राहिली ही दुसरी. पिट्सबर्गच्या उद्योजकतेत दुसरीचा वाटा मोठा आहे. जी मुले १९८० च्या दशकात निघून गेली ती परतली नाहीत, त्यांच्या जागी दुसऱ्या देशांतली आणि राज्यांतली मुले शिकायला आली, आणि त्यांतील थोडी राहिली.

आकड्यांचा पेच

आज पिट्सबर्ग शहरातील प्रौढांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जण पदवीधर आहेत, तर देशाचे प्रमाण साधारण एक तृतीयांशाच्या पुढेमागे आहे. तरुण नोकरदारांमध्ये तर हे प्रमाण आणखी वर जाते. शिक्षण आणि उद्योजकता यांचे नाते सरळ असते तर या महानगरात नव्या व्यवसायांचा पूर यायला हवा होता. प्रत्यक्षात २०१० च्या दशकाच्या मध्यात उद्योजकतेचा अभ्यास करणाऱ्या कॉफमन फाउंडेशनने अमेरिकेतील ४० मोठ्या महानगरांची नवउद्योगांच्या प्रमाणानुसार जी क्रमवारी लावली, तीत पिट्सबर्ग तळाजवळ होते. ड्युओलिंगोचे आणि स्वयंचलित मोटारींचे कौतुक होत असतानाच्या वर्षांतली ही गोष्ट आहे.

या विसंगतीचा उलगडा उद्योजकता कशाला म्हणायचे, या प्रश्नात आहे. अशा क्रमवारीत एकट्याने सुरू केलेला घरदुरुस्तीचा धंदा आणि शंभर अभियंत्यांची कंपनी यांची गणना जवळपास सारख्याच वजनाने होते. पहिल्या प्रकारचे धंदे वाढत्या लोकसंख्येच्या, तरुणांच्या आणि स्थलांतरितांच्या शहरांत अधिक निघतात. पिट्सबर्गची लोकसंख्या वाढत नव्हती, वय जास्त होते आणि परदेशांतून आलेल्यांचे एकूण प्रमाण इतर मोठ्या महानगरांच्या तुलनेत फार कमी होते. उच्च शिक्षणाने दुसऱ्या प्रकारची, म्हणजे संशोधनावर उभी राहणारी, मोजकी पण मोठी होणारी उद्योजकता वाढवली. पहिल्या प्रकारच्या उद्योजकतेवर त्या शिक्षणाचा फारसा परिणाम झाला नाही. शिवाय शिकलेल्या माणसाला चांगल्या पगाराची नोकरी सहज मिळते, त्यामुळे धंद्यात उडी घेताना त्याला गमवावे लागणारे उत्पन्नही मोठे असते. विद्यापीठे आणि त्यांच्याशी जोडलेली रुग्णालये हीच आता या शहरातील सर्वांत मोठी नोकरी देणारी केंद्रे आहेत. यू. एस. स्टीलच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उंच इमारतीवर २००८ पासून यूपीएमसी या वैद्यकीय संस्थेची अक्षरे झळकतात. एका अवाढव्य मालकाची जागा दुसऱ्या अवाढव्य मालकाने घेतली असेल, तर चिनिट्झ यांचा इशारा अजून लागू आहे, आणि शहराच्या धुरिणांनी तो विसरू नये असे मला मनापासून वाटते.

कार्यकारणाबाबत येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. पिट्सबर्गमध्ये विद्यापीठ आधी आणि कंपन्या नंतर, असा काळाचा क्रम स्पष्ट आहे, म्हणून पदवीधर केवळ उद्योगांच्या मागे आले असे येथे म्हणता येत नाही. पण विद्यापीठाच्या मोठेपणामागे कार्नेगी आणि मेलन यांचा, म्हणजे जुन्या उद्योगांचाच पैसा होता, वेस्टिंगहाऊसचा होता आणि केंद्र सरकारच्या संरक्षण खात्याचा तर फारच मोठा होता. म्हणजे उद्योजकतेतून आलेल्या संपत्तीने शिक्षण उभे केले, ते शिक्षण दोन पिढ्या नोकरशाहीत मुरले आणि तिसऱ्या पिढीत त्यातून पुन्हा उद्योजक निघाले. एवढा लांब फेरा एखाद्या पाचवार्षिक योजनेत मावत नाही. विद्यापीठ काढले की दहा वर्षांत नवउद्योग दिसतील, अशी आश्वासने देणाऱ्यांनी १९६५ चा संगणक विभाग आणि २०११ ची ड्युओलिंगो यांमधली ४६ वर्षे मोजावीत.

आर्गो आणि ब्रॅडॉक

हे नाते आता कितपत मुरले आहे, याची एक कसोटी अलीकडेच लागली. २००७ मध्ये स्वयंचलित मोटारींच्या शहरी स्पर्धेत कार्नेगी मेलनच्या गाडीने पहिला क्रमांक मिळवल्यानंतर या विषयातील तज्ज्ञांना मोठी मागणी आली. २०१५ मध्ये उबरने विद्यापीठाच्या रोबोटिक्स केंद्रातून कित्येक संशोधक एकदम उचलले, तेव्हा विद्यापीठ रिकामे होईल अशी भीती व्यक्त झाली होती. त्याच केंद्राशी जुना संबंध असलेल्या ब्रायन सेल्स्की आणि पीटर रँडर यांनी २०१६ मध्ये स्वयंचलित मोटारींचे तंत्र विकसित करणारी आर्गो एआय ही कंपनी काढली, तिच्यात फोर्डने एक अब्ज डॉलर गुंतवण्याचे जाहीर केले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये, सुमारे २,००० कर्मचारी असताना, ती बंद झाली. १९८० च्या दशकात कारखाना बंद झाल्यावर माणसे सामान बांधून निघून गेली होती. या वेळी बरेच अभियंते शहरातील दुसऱ्या कंपन्यांत गेले, आणि सेल्स्की व रँडर यांनी पुढच्याच वर्षी याच शहरात स्वयंचलित मालवाहू ट्रकसाठी स्टॅक एव्ही ही नवी कंपनी सुरू केली. कंपनी गेली तरी ज्ञान शहरात राहिले, हा १९८६ आणि २०२२ मधला फरक आहे, आणि शिक्षणाने या शहराला दिलेले सर्वांत मोलाचे दान माझ्या मते हेच आहे.

तरीही मोनोंगहेलाच्या काठाने थोडे वर गेले की ब्रॅडॉक लागते. कार्नेगी यांनी अमेरिकेत उघडलेले पहिले ग्रंथालय १८८९ मध्ये याच गावात, कारखान्यातील कामगारांसाठी उभे राहिले. १९२० मध्ये ब्रॅडॉकची वस्ती वीस हजारांवर होती. २०२० मध्ये ती दोन हजारांच्याही खाली आली होती. कार्नेगी मेलनच्या आवारापासून हे अंतर मोटारीने अर्ध्या तासाचेही नाही. स्वयंचलित मोटारी, भाषा शिकवणारी ॲप, यंत्रमानव यांतले फारसे काही या अंतराच्या पलीकडे पोहोचले नाही, कारण त्या कंपन्यांत शिरायला लागणारे शिक्षण ब्रॅडॉकच्या मुलांच्या वाट्याला आले नाही आणि त्यांच्या आजोबांना ज्या कारखान्यात शिक्षणाशिवाय काम मिळत होते, त्याला आता थोडीच माणसे लागतात. शहराची शैक्षणिक पातळी म्हणून छापला जाणारा सरासरी आकडा वर चढत असताना त्याच महानगराच्या आत हे अंतर रुंदावत गेले. पिट्सबर्गमध्ये उद्योजक कोण झाले हे आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे. त्यांच्यापैकी किती जण मोनोंगहेलाच्या खोऱ्यातील शाळांत शिकलेले होते, हा प्रश्न यापुढच्या अभ्यासकाने आधी विचारावा, आणि त्यासाठी पदवीधरांची शहरवार नव्हे तर संस्थापकांची बालपणीच्या गावानुसार मोजणी करावी.